ॲलन बर्ग : फोनवर अख्ख्या शहराशी भांडणारा रेडिओवाला, ज्याला स्वतःच्याच दारात गोळ्या घातल्या गेल्या

18 जून 1984 ची रात्र. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर शहर. साडेनऊच्या सुमाराला ॲडम्स स्ट्रीटवरच्या एका घरासमोर काळी फोक्सवॅगन बीटल येऊन थांबली. गाडीत होता पन्नास वर्षांचा, सडपातळ, दाढीवाला, डोक्यावर केसांचं जंगल वाढवलेला एक माणूस. घरी त्याचा कुत्रा वाट बघत होता आणि त्याच्यासाठी त्याने येताना दुकानातून खाणंही घेतलं होतं.

तो गाडीतून उतरला आणि तेवढ्यात मशीन पिस्तुलातून गोळ्यांचा मारा झाला. बारा-तेरा गोळ्या लागल्या. तो जागीच गेला.

खिशातले पैसे जिथल्या तिथे होते. जमिनीचा वाद नव्हता, गुन्हेगारी जगाशी काही देणंघेणं नव्हतं. हा माणूस डेन्व्हरच्या केओए या रेडिओ स्टेशनवर बोलायचा, एवढाच त्याचा उद्योग. नाव ॲलन बर्ग.

पोलिसांपुढे पहिली अडचण होती संशयितांच्या यादीची. बर्गला शत्रू होते का, असं विचारावं तर त्याने रोज चार तास फोनवर लोकांना डिवचण्याचंच काम केलं होतं. त्याच्यावर चिडलेली माणसं शहरात हजारोंनी होती आणि त्यातली बरीचशी त्याचा कार्यक्रम एकही दिवस चुकवत नव्हती.

हा माणूस नेमका कोण होता, रेडिओवर असं काय बोलायचा आणि त्याच्या बोलण्याची किंमत जिवापर्यंत कशी गेली, त्याची ही गोष्ट.

वकिली सोडली, बूट विकले, शर्टाचं दुकान काढलं

बर्गचा जन्म 18 जानेवारी 1934 चा, शिकागोतल्या ज्यू कुटुंबातला. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. कायद्याचं शिक्षण घेऊन वयाच्या 22 व्या वर्षी त्याने इलिनॉय राज्याची वकिलीची परीक्षा पास केली. एवढ्या लहान वयात ती परीक्षा पास होणारे मोजकेच. शिकागोत वकिली सुरू झाली, पैसा येऊ लागला.

पण आतून सगळं बिघडत चाललं होतं. त्याला झटके येऊ लागले. सोबत दारू वाढली आणि बघता बघता व्यसन झालं. शेवटी पत्नी ज्युडिथने त्याला वकिली सोडून उपचार घ्यायला तयार केलं. दोघं डेन्व्हरला आले, तो स्वतःहून व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला आणि त्यातून बाहेरही पडला.

झटके मात्र थांबेनात. 1976 मध्ये निदान झालं की मेंदूत गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली आणि तो ठणठणीत बरा झाला. डोक्यावर व्रण राहिले. ते झाकायला त्याने केस वाढवले ते कायमचेच. पुढे वर्तमानपत्रांतल्या फोटोंमध्ये जी झुलपं त्याची ओळख बनली, त्यांच्यामागे हे कारण होतं.

डेन्व्हरमध्ये पोटापाण्यासाठी त्याने आधी बुटांच्या दुकानात काम केलं, मग स्वतःचं कपड्यांचं दुकान टाकलं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बर्ग तासन्‌तास गप्पा हाणायचा. त्यातलाच एकजण होता लॉरेन्स ग्रॉस. तो केजीएमसी नावाच्या छोट्या स्थानिक स्टेशनवर टॉक शो चालवायचा. शर्ट विकणाऱ्या या माणसाला प्रत्येक विषयावर मत आहे आणि ते ऐकत राहावंसं वाटतं, हे ग्रॉसच्या लक्षात आलं. त्याने बर्गला पाहुणा म्हणून बोलावलं. एकदा नाही, अनेकदा. पुढे ग्रॉसला सॅन डिएगोत नोकरी मिळाली तेव्हा त्याने जाताना आपल्या जागी बर्गचं नाव सुचवलं.

चाळिशी ओलांडलेल्या, वकिली सुटलेल्या, नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाला अशी नवी नोकरी मिळाली. बोलण्याची.

टॉक रेडिओ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे खासगी एफएम स्टेशनला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, त्यामुळे राजकारणावर दिवसभर भांडणारं स्थानिक रेडिओ स्टेशन ही गोष्ट भारतात फारशी रुजलीच नाही. अमेरिकेत मात्र तो मोठा धंदा आहे.

साधारण पद्धत अशी. होस्ट माइकसमोर बसतो. सकाळची वर्तमानपत्रं चाळलेली असतात. महापालिकेचा निर्णय, शाळेतला वाद, घटस्फोट, बंदुकीचा कायदा, धर्म, शेजाऱ्याचा कुत्रा, काहीही विषय निघतो. मग फोनच्या लाइन खुल्या होतात. काचेपलीकडे बसलेला सहकारी आलेले फोन उचलतो, कोण काय बोलणार याचा अंदाज घेतो आणि एकेक फोन होस्टकडे सोडतो. कुणी शिवी दिलीच तर ती गाळता यावी म्हणून प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलेलं असतं. बाकी सगळं तिथल्या तिथे घडतं. संहिता नाही, तालीम नाही.

1960 च्या सुमाराला सेंट लुईसच्या केएमओएक्ससारख्या स्टेशनांनी गाणी कमी करून लोकांचे फोन घ्यायला सुरुवात केली. 1970 च्या दशकात एफएमवर स्वच्छ, स्टीरिओ आवाजात संगीत मिळू लागलं आणि श्रोते तिकडे वळले. एएम स्टेशनांकडे खरखरणारा आवाज तेवढा उरला. त्या आवाजात गाणी ऐकायला कुणी येईना, पण भांडण ऐकायला खरखर आड येत नव्हती. म्हणून एकेक करत एएम स्टेशनं बोलण्याकडे वळली. बर्ग रेडिओवर आला तो नेमका या काळात.

फोन ठेवणारा माणूस

त्याची पद्धत सरळ होती. फोन करणाऱ्याने मत मांडलं की तो पुरावा मागायचा. वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न सुरू व्हायचे. समोरचा अडखळला की बर्गचा आवाज चढायचा. ऐकीव गोष्टी रेटून सांगणाऱ्याला तो मूर्ख ठरवायचा आणि बोलणं अर्ध्यात असताना फोन कट करायचा. श्रोत्यांना तो कट झाल्याचा आवाज ओळखीचा झाला होता.

बर्ग स्वतः उदारमतवादी होता. वंशभेद, ज्यूद्वेष, बंदुकांचं वेड, धर्माच्या नावावर चाललेला ढोंगीपणा यांवर तो तुटून पडायचा. पण आपल्या बाजूच्या माणसाने बिनडोक युक्तिवाद केला तर त्यालाही सोडायचा नाही. हे ठरवून रंगवलेलं सोंग किती आणि खरा राग किती, हे जवळच्यांनाही नेहमी सांगता यायचं नाही. माइक बंद झाला की मात्र तो मऊ, गप्पिष्ट, मित्रांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस असायचा, असं त्याला ओळखणारे सांगत.

त्याचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. ज्याला बोलणं जमत नाही, जो घाबरत घाबरत पहिल्यांदा फोन करतोय, अशा साध्या माणसालाही तो हजारो लोकांसमोर सोलून काढायचा. स्टेशनच्या मालकांना त्याचे श्रोते हवे असायचे, त्याच्याबद्दलच्या तक्रारी नको असायच्या. केजीएमसीचं पुढे केडब्ल्यूबीझेड झालं, तिथून तो केएचओडब्ल्यूला गेला आणि तिथून त्याला काढून टाकलं. केडब्ल्यूबीझेडने परत घेतलं, पण त्या स्टेशनने बोलणं सोडून फक्त गाणी लावायचं ठरवलं आणि बर्ग पुन्हा घरी बसला.

मग केओएचं बोलावणं आलं. 23 फेब्रुवारी 1981 ला तो त्या स्टेशनवर पहिल्यांदा बोलला.

केओए हे 1924 पासूनचं जुनं आणि दांडगं स्टेशन. ताकद 50,000 वॅट. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्याकडेही रात्री रेडिओची सुई फिरवताना लांबलांबची स्टेशनं लागायची, ती याचमुळे. त्यात केओएला 850 किलोहर्ट्झवर मोकळं रान होतं. रात्रीच्या वेळी हे स्टेशन तीसहून जास्त राज्यांत ऐकू जायचं. डेन्व्हरच्या गल्लीतला वाद आता डोंगर ओलांडून अशा गावांत पोहोचू लागला, जिथे बर्ग कधी गेलाही नव्हता.

धमक्या नव्या नव्हत्या

ज्यूद्वेष पसरवणाऱ्या लोकांना बर्ग टाळत नव्हता. उलट त्यांना फोनवर घ्यायचा, काही वेळा पाहुणे म्हणूनही बोलवायचा. त्याचा हिशेब असा होता की असली मतं कुजबुजत पसरली तर ती वाढतात, मोठ्याने बोलायला लावली की त्यांचं हसं होतं. गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या गोष्टी करणाऱ्यांना तो श्रोत्यांसमोर एकेक मुद्द्यावर अडवायचा आणि ती माणसं चरफडत फोन ठेवायची.

याचे पडसाद लवकरच उमटले. 1979 मध्ये, तो केडब्ल्यूबीझेडला असताना, कू क्लक्स क्लॅनचा एक माणूस थेट स्टुडिओत शिरला आणि धमकी देऊन गेला. पत्रं आणि फोन तर नेहमीचेच. बर्गने एकदा असं बोलूनही दाखवलं होतं की ज्या एका वाक्यापायी आपला जीव जाईल, ते तोंडातून निघण्याआधी आपलं वकिलीचं शिक्षण आपल्याला थांबवेल अशी आशा आहे.

पण धोका एखाद्या वाक्यात नव्हताच. तो ज्यू आहे आणि त्याचा आवाज लांबवर पोहोचतो, एवढं काही लोकांना पुरेसं होतं.

जंगलातली टोळी

सप्टेंबर 1983 मध्ये, डेन्व्हरपासून हजारभर किलोमीटरहून लांब, वॉशिंग्टन राज्यातल्या मेटालाइन फॉल्स या छोट्या गावाजवळ रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या माणसाने काही साथीदार जमवून शपथ घेतली. गटाचं नाव द ऑर्डर. अमेरिकेचं सरकार ज्यूंच्या ताब्यात गेलंय आणि गोऱ्यांनी सशस्त्र उठाव करून ते उलथवलं पाहिजे, अशी त्यांची धारणा. नाव आणि बरेचसे बेत 1978 मध्ये आलेल्या द टर्नर डायरीज या वंशद्वेषी कादंबरीतून उचललेले.

उठावाला पैसा लागतो. त्यासाठी त्यांनी खोट्या नोटा छापल्या, बँका लुटल्या, मग रोकड नेणाऱ्या चिलखती गाड्या लुटायला सुरुवात केली. सोबत ठार मारायच्या माणसांची यादीही तयार झाली. यादीत देशभर नाव असलेली माणसं होती. तरी पहिला नंबर लागला डेन्व्हरच्या एका रेडिओवाल्याचा. का?

एक कारण म्हणजे डेव्हिड लेन. टोळीतला हा माणूस डेन्व्हर भागात राहिलेला, तिथल्या क्लॅनच्या कामात मुरलेला. देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या साथीदारांना बर्ग हे नाव नवं असेल, लेनला ते रोजचं होतं. स्थानिक रेडिओने बर्गला जसे घराघरांत श्रोते दिले, तसाच त्याच शहरातला हा शत्रूही दिला.

दुसरं कारण साधं होतं. मोठ्या माणसांभोवती पहारा असतो. बर्ग स्वतःची गाडी स्वतः चालवायचा, त्याचं स्टेशन कुठे आहे ते शहराला माहीत होतं आणि त्याच्या कार्यक्रमाची वेळ रोज ठरलेली होती. टोळीतल्या लोकांनी आधी येऊन त्याच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवली.

त्या संध्याकाळी बर्ग ज्युडिथबरोबर जेवायला गेला होता. दोघांचा घटस्फोट झाला होता, पण मैत्री टिकून होती. जेवण झालं, त्याने तिला तिच्या गाडीपाशी सोडलं आणि तो घराकडे निघाला. पुढे कोर्टात सिद्ध झालं त्यानुसार, ब्रूस पियर्सने गोळ्या झाडल्या आणि पळायची गाडी लेन चालवत होता.

बर्गला शिकागोजवळच्या ज्यू दफनभूमीत पुरण्यात आलं.

धागा सापडला तो दरोड्यात

महिन्याभराने, 19 जुलै 1984 ला, टोळीने कॅलिफोर्नियात युकायाजवळ एक चिलखती गाडी अडवून तब्बल 36 लाख डॉलर लुटले. पण गडबडीत एक पिस्तूल तिथेच पडलं. त्याच्या नोंदीवरून एफबीआय टोळीतल्या एका माणसापर्यंत पोहोचली. दुसरीकडे फिलाडेल्फियात खोट्या नोटा खपवताना पकडलेला टॉम मार्टिनेझ तपासयंत्रणेला माहिती द्यायला तयार झाला.

ऑक्टोबरमध्ये आयडाहो राज्यात गॅरी यारब्रो या सदस्याच्या घरावर छापा पडला. तिथल्या शस्त्रसाठ्यात एक .45 कॅलिबरचं मॅक-10 निघालं. तपासणीत कळलं की बर्गला याच शस्त्राने मारलंय. ज्या खुनामागे अख्खं शहर संशयित वाटत होतं, त्याचं उत्तर असं दुसऱ्या राज्यातल्या एका घरात सापडलं.

पोर्टलंडच्या मोटेलमधून गोळीबार करत निसटलेल्या मॅथ्यूजला सिॲटलजवळच्या व्हिडबी बेटावर घेरण्यात आलं. तो शरण आला नाही. 8 डिसेंबर 1984 ला पेटलेल्या घरात त्याचा शेवट झाला. पुढच्या वर्षभरात टोळीतले बाकीचे बहुतेकजण तुरुंगात गेले.

बर्गच्या खुनाचा खटला मात्र कायद्याच्या दृष्टीने वेगळा ठरला. 1987 मध्ये डेन्व्हरच्या फेडरल कोर्टात आरोप लावला गेला तो नागरी हक्क हिरावल्याचा. म्हणजे एका माणसाला, तो ज्यू आहे म्हणून आणि तो आपली नोकरी करत होता म्हणून मारलं, असा. रेडिओवर बोलणं ही त्याची नोकरी होती आणि ती करण्याचा त्याचा हक्क कायद्याने मानला. पियर्स आणि लेन दोषी ठरले, दोघांना दीडशे वर्षांची शिक्षा झाली. आधीच्या गुन्ह्यांच्या शिक्षा धरून पियर्सची बेरीज 252 वर्षं आणि लेनची 190 वर्षं झाली. त्याच खटल्यातले इतर दोघे सुटले. राज्य सरकारने खुनाचा वेगळा खटला कधीच भरला नाही. लेन 2007 मध्ये आणि पियर्स 2010 मध्ये तुरुंगातच मेला. लेनला शेवटपर्यंत पश्चात्ताप नव्हता. तो आवाज बंद झाला याचं समाधान त्याने उघडपणे बोलून दाखवलं होतं.

बर्गनंतरचा रेडिओ

योगायोग असा की त्याच वर्षी, 1987 च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत एक जुना नियम रद्द झाला. वादग्रस्त विषयावर बोलताना दुसऱ्या बाजूलाही जागा द्यावी, असं बंधन 1949 पासून प्रसारकांवर होतं. ते गेलं. 1988 मध्ये रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागला आणि एकाच बाजूचं, तासन्‌तास चालणारं राजकीय बोलणं हा टॉक रेडिओचा मुख्य साचा बनला. विरोधात बोलणाऱ्याचा फोन घ्यायलाच हवा, अशी गरज उरली नाही.

त्याच 1988 मध्ये ऑलिव्हर स्टोनचा टॉक रेडिओ हा सिनेमा आला. एरिक बोगोसियनचं नाटक आणि बर्गच्या खुनावरचं स्टीफन सिंग्युलरचं पुस्तक यांवर तो बेतलेला होता. नायकाचं नाव आणि शहर बदललं होतं, पण माणूस ओळखू येत होता. 2024 च्या द ऑर्डर या सिनेमात बर्गची भूमिका मार्क मॅरनने केली, जो स्वतः माइकसमोर बसून बोलण्यासाठीच ओळखला जातो.

बर्गचं नाव आज बहुतेक वेळा आक्रस्ताळ्या होस्टांच्या यादीत घेतलं जातं आणि ते अगदी चूकही नाही. ओरडल्याने श्रोते वाढतात, हे त्याच्या आकड्यांनी मालकांना पटवून दिलं होतं. पण त्याच्या ओरडण्यात एक गोष्ट होती जी पुढच्या अनेकांनी गाळून टाकली. त्याच्या कार्यक्रमात दुसऱ्या टोकाला नेहमी कुणीतरी असायचं, ज्याला त्याचं म्हणणं अजिबात मान्य नाही आणि ज्याच्या हातात फोन आहे. तो माणूस चिडायचा, फोन आपटायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर फिरवायचा. भांडण चालू राहायचं ते त्यामुळेच.

डेन्व्हरमधले ते हजारो चिडलेले लोक पोलिसांना आधी संशयित वाटले होते. त्यातल्या एकानेही बर्गला मारलं नाही. त्यांना त्याच्याशी अजून वाद घालायचा होता.